उभी बाटली, आडवी बाटली

महाराष्ट्रात एक मतदान असं होतं, ज्यात उमेदवार नसतो, पक्ष नसतो, भोंगा लावलेली गाडीही नसते. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. एक बाटली उभी, एक आडवी. उभी म्हणजे दारूचं दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. गावातल्या बाया दुपारच्या आधी कामं उरकून रांगेत उभ्या राहतात, शिक्का मारतात, आणि संध्याकाळपर्यंत दुकानाचं काय ते ठरतं.

ही सोय २५ मार्च २००८ च्या शासन आदेशाने झाली. गावातल्या किंवा शहरी वॉर्डातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन द्यायचं. राज्य उत्पादन शुल्क विभाग सह्या पडताळतो. त्या पुरल्या की गुप्त मतदान लागतं. दुकान बंद व्हायचं तर पडलेल्या मतांच्या निम्म्याहून जास्त मतं मिळवून भागत नाही. यादीत नाव असलेल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो.

हे गणित नीट बघण्यासारखं आहे. समजा वॉर्डात २००० महिला मतदार आहेत. निवेदनाला ५०० सह्या लागतात. त्यातल्या दोन-अडीचशे पडताळणीत गळतात: कुणाचं नाव यादीत माहेरच्या आडनावाने आहे, कुणी मतदार क्रमांक चुकीचा लिहिला, कुणी विचारायला माणूस आला तेव्हा घाबरून 'मी सही केलीच नाही' म्हणाली. म्हणून जाणती मंडळी ५०० हव्या असतील तर ८०० सह्या गोळा करतात. पुढे मतदानाच्या दिवशी १४०० जणी आल्या, ९०० जणींनी आडवी केली, ५०० जणींनी उभी ठेवली. कुठल्याही नेहमीच्या निवडणुकीत हा दणदणीत विजय. इथे मात्र दुकान चालूच राहतं, कारण आकडा १००१ चा हवा होता. न आलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या बाजूने धरली गेली. मेलेली बाई, लग्न होऊन परगावी गेलेली बाई, कामासाठी स्थलांतर केलेली बाई, यादीत नाव आहे तोवर या सगळ्या दुकानदाराच्याच बाजूने मोजल्या जातात.

त्यामुळे ही लढाई जिंकणाऱ्या बायकांचं पहिलं काम मोर्चा काढण्याचं नसतं. आधी मतदार यादी हातात घेऊन गल्लीगल्लीतून फिरावं लागतं, मृत आणि स्थलांतरितांची नावं कमी करण्यासाठी नमुना ७ भरून घ्यावा लागतो. मग सह्या. मग मतदान ऊसतोडीच्या हंगामात किंवा बाजाराच्या दिवशी लागू नये म्हणून तहसीलदारांकडे खेटे. दुकान बंद झाल्यावर मागच्या दाराने पिशव्यांतून विक्री सुरू होते, तेव्हा त्याच बाया पुन्हा रात्री गस्त घालतात. मतदान या सगळ्याच्या मधला एक दिवस.

'मत देऊन काय उपयोग' हा प्रश्न गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात पारावर, लोकलमध्ये, घरातल्या ग्रुपवर इतका ऐकू येतो की त्याला उत्तर देणं लोकांनी सोडून दिलंय. उत्तर म्हणून सहसा मतदानाचं महत्त्व सांगणारं एखादं भाषण मिळतं, नाहीतर 'सगळे सारखेच' हा सुस्कारा. मला वाटतं, प्रश्न थोडा फिरवून विचारावा. कुठलं मत उपयोगी पडतं आणि कुठलं नाही? आपल्याच राज्यात याची इतकी उदाहरणं पडलीत की बाहेर जायची गरज नाही.

पेणचं घ्या. २१ सप्टेंबर २००८ रोजी रायगड जिल्ह्यातल्या पेण तालुक्यात, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारने शेतकऱ्यांचं मत घेतलं: रिलायन्सच्या महामुंबई सेझला (विशेष आर्थिक क्षेत्राला) जमीन द्यायची की नाही. देशात असं सार्वमत सेझच्या प्रश्नावर त्याआधी झालं नव्हतं. लोक रांगा लावून आले. मतं नोंदली गेली, जिल्हाधिकाऱ्यांकडून वर गेली, आणि तिथेच राहिली. निकाल अधिकृतपणे कधी जाहीरच झाला नाही. कौल काय होता हे रायगडात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण सरकारवर तो जाहीर करण्याचं बंधन नव्हतं आणि मानण्याचं तर नव्हतंच, कारण त्या मतदानामागे कायद्याचं कुठलंही कलम नव्हतं.

तरीही जमीन वाचली. ती वाचवली १८९४ च्या भूसंपादन कायद्यातल्या एका कोरड्या मुदतीने: अधिग्रहणाची घोषणा झाल्यावर दोन वर्षांत निवाडा झाला नाही तर सगळी प्रक्रिया रद्द होत असे. एन. डी. पाटलांसारख्या मुरलेल्या माणसांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी मोजणी होऊ दिली नाही, हरकती घातल्या, मोर्चे काढले आणि दिवस ढकलले. २००९ मध्ये मुदत उलटली. सार्वमताने लोकांना आपण किती आहोत ते दाखवलं, हा त्याचा फायदा. पण जमिनीवरचं नाव राहिलं ते मुदतीमुळे आणि ती मुदत उलटेपर्यंत तग धरणाऱ्या माणसांमुळे.

आता मारकडवाडी. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस मतदारसंघातलं हे गाव २०२४ च्या विधानसभा निकालानंतर देशभर गाजलं. मतदारसंघात जिंकलेल्या उमेदवाराला गावात अपेक्षेपेक्षा कमी मतं दिसली, लोकांना यंत्राचा संशय आला आणि त्यांनी ३ डिसेंबर २०२४ रोजी स्वतःच्या खर्चाने मतपत्रिकांवर फेरमतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आणले, मतदान होऊ दिलं नाही, वर गुन्हे नोंदवले.

गावकऱ्यांचा हेतू समजतो. तरी त्या मतदानाने काही सिद्ध झालं असतं असं मला वाटत नाही. निकाल लागून गेल्यावर, सगळ्या गावाचं लक्ष असताना, कोण कुठे शिक्का मारणार याची आधीच चर्चा झालेली असताना दिलेलं मत २० नोव्हेंबरच्या मताशी ताडून बघता येत नाही. पण सरकारने जमावबंदी लावून जे केलं ते त्याहून वाईट. शंका बोलून दाखवणाऱ्याला गुन्हेगार ठरवलं की शंका खरी असल्याचा पुरावा मिळाला असंच माणूस धरून चालतो.

यंत्रावर शंका असेल तर तपासायच्या जागा वेगळ्या आहेत आणि त्या बहुतेक मतदानाच्याच दिवशी असतात. सकाळी प्रत्यक्ष मतदान सुरू होण्याआधी किमान ५० मतांची चाचणी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर घेतली जाते, ती पुसून यंत्र शून्यावर आणलं जातं. दिवसभर मतदारांची सही नमुना १७-अ च्या नोंदवहीत होते. मतदान संपल्यावर कंट्रोल युनिटवरचं 'टोटल' बटण दाबलं की एकूण मतं दिसतात. तो आकडा नमुना १७-क मध्ये लिहून केंद्राध्यक्षाने हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला साक्षांकित प्रत द्यायची असते. मोजणीच्या दिवशी त्या यंत्रातून निघालेली एकूण मतं या कागदाशी जुळली पाहिजेत. दोन आकडे, एक कागद. सगळ्या यंत्रणेतला नागरिकाच्या हाती लागणारा हा सगळ्यात भक्कम पुरावा.

तो हाती लागत नाही, कारण बूथवर माणूसच नसतो. राज्यात एक लाखावर मतदान केंद्रं आहेत. सकाळी साडेपाचला डबा घेऊन जाणारा आणि संध्याकाळी यंत्राला सील लागेपर्यंत बसणारा विश्वासू माणूस प्रत्येक केंद्रावर देणं मोठ्या पक्षांनाही जमत नाही. असतो तो प्रतिनिधी दुपारी जेवायला जातो, चारनंतर मतदार घराबाहेर काढण्याच्या गडबडीत लागतो आणि १७-क वर सही करायला कुणी उरत नाही. मग निकालानंतर प्रेस कॉन्फरन्स. निकालानंतरची दारं अरुंद आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालापासून ७ दिवसांत विधानसभा क्षेत्रातल्या ५ टक्के यंत्रांची तपासणी मागता येते. २०२४ साली त्यासाठी एका संचामागे ४० हजार रुपये अधिक जीएसटी भरावा लागत होता. निवडणूक याचिकेची मुदत ४५ दिवस. मतदान केंद्रातलं चित्रीकरणही याचिका झाली नाही तर ४५ दिवसांपुरतंच ठेवायचं, अशी सूचना निवडणूक आयोगाने २०२५ मध्ये दिली. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून ही चित्रफीत सर्वसामान्यांना मागता येऊ नये अशी व्यवस्था झालीच होती. आयोगाने कारण मतदाराच्या गोपनीयतेचं दिलं. पण ज्या वेळी लोकांना जास्त दाखवायची गरज होती नेमक्या त्याच वेळी पडदा ओढला गेला, आणि आयोगाची बाजू पटणाऱ्यांनाही हे खटकावं.

यादीचं प्रकरण यंत्रापेक्षा कमी नाट्यमय आणि माझ्या मते जास्त गंभीर आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा मतदारसंघात २०२४ च्या निवडणुकीआधी ऑनलाइन आलेले साडेसहा हजारांहून अधिक अर्ज बोगस म्हणून बाद करावे लागले आणि पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. पकडले गेले म्हणून कळलं. आणि स्थानिक निवडणुकांच्या यादीची गंमत तर कित्येकांना माहीतच नसते: राज्य निवडणूक आयोग स्वतःची वेगळी यादी बनवत नाही, विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेची घेतो आणि प्रभागांत फोडतो. अलीकडच्या फेरीत ही तारीख १ जुलै २०२५ होती. त्यानंतर तुम्ही नमुना ६ (नव्या नावनोंदणीचा अर्ज) भरला असेल तर पुढच्या विधानसभेला मत देता येईल, त्या फेरीत महापालिकेला देता आलं नाही. प्रारूप प्रभाग यादीवर हरकत घेता येते, पण ती 'माझं नाव शेजारच्या प्रभागात टाकलं' किंवा 'लेखनात चूक झाली' अशा प्रकारची. नाव नव्याने घालायची सोय त्या टप्प्यावर नसते. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर उभं राहून तावातावाने भांडणाऱ्या माणसाची संधी चार-सहा महिन्यांपूर्वीच गेलेली असते, आणि हे त्याला सांगायला तेव्हा कुणी आलेलं नसतं.

लोक चिडलेत ते मात्र यंत्र आणि यादीवरच नाही. मत नीट मोजलं गेलं तरी ते कुठे गेलं हाच त्यांचा सवाल आहे. २०१९ ते २०२४ या एका विधानसभेच्या काळात महाराष्ट्राने काय पाहिलं? २३ नोव्हेंबर २०१९ चा पहाटेचा शपथविधी, पाच दिवसांनी शिवाजी पार्कवर दुसरा, ३० जून २०२२ ला राजभवनावर तिसरा, २ जुलै २०२३ ला त्यात आणखी एका पक्षाची भर. २०१९ ला ज्याच्या विरोधात मत दिलं त्याच्या शेजारी आपला आमदार बसलेला पाहणं, हा अनुभव या पाच वर्षांत कुठल्याही पक्षाच्या मतदाराला चुकला नाही.

पक्षांतरबंदी कायदा १९८५ चा, घटनेची दहावी अनुसूची. पूर्वी एक तृतीयांश फुटले तर 'फूट' म्हणून माफी होती; ती २००३ मध्ये ९१ व्या घटनादुरुस्तीने काढली. दोन तृतीयांशांचं 'विलीनीकरण' राहिलं. त्यामुळे एकट्यादुकट्याने पक्ष सोडला तर आमदारकी जाते, पण टोळीने सोडला तर वाचते. गोव्यात हे इतक्या उघडपणे झालं की ते पाठ्यपुस्तकात घालावं. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ आमदारांपैकी १० जण भाजपमध्ये गेले, म्हणजे बरोब्बर दोन तृतीयांश. २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसने उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या क्रूसापाशी आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन फुटणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. निवडून आले ११. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यातले ८ गेले. अकराचे दोन तृतीयांश म्हणजे सात पूर्णांक एक तृतीयांश, म्हणून आठ. देवाची शपथ मोडली, पण कायद्यातला अपूर्णांक काटेकोर पाळला.

महाराष्ट्रात तर विलीनीकरणाचीही गरज भासली नाही. शिवसेनेतून फुटलेल्यांना 'मूळ पक्ष आम्हीच' एवढं म्हणणं पुरलं. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने राज्यपालांचा बहुमत चाचणीचा निर्णय चुकीचा ठरवला, अध्यक्षांनी नव्या प्रतोदाला दिलेली मान्यताही बेकायदा ठरवली, आणि तरी जुनं सरकार परत आणता येणार नाही म्हणून सांगितलं, कारण मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला होता. अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांकडे गेला. तो आला १० जानेवारी २०२४ ला, बंडानंतर दीड वर्षाने, आणि कुणीच अपात्र ठरलं नाही. त्यावरचा वाद न्यायालयात पडून असतानाच विधानसभेची मुदत संपली. निवाडा करणारा अध्यक्ष ज्या पक्षाच्या आधाराने खुर्चीवर बसतो त्याच पक्षाच्या सोयीचा प्रश्न त्याच्यापुढे येतो, आणि निर्णयाला कायद्यात मुदत नाही. न्यायालयाने २०२० मध्ये एका मणिपूरच्या प्रकरणात तीन महिने हा साधारण काळ सुचवला होता. त्याचं पुढे काय झालं ते आपण पाहिलंच.

याउलट गावच्या सरपंचाकडे बघा. थेट जनतेतून निवडून आलेल्या सरपंचावर अविश्वास आणायचा तर सदस्यांच्या तीन चतुर्थांश बहुमताने ठराव लागतो, आणि तेवढ्याने सरपंच जात नाही; ठराव ग्रामसभेपुढे जातो आणि गावकरी गुप्त मतदानाने तो पक्का करतात किंवा फेटाळतात. ज्यांनी बसवलं त्यांनाच विचारून उतरवायचं. ही सोय पाचशे उंबऱ्यांच्या गावाला आहे, पण तीन-साडेतीन लाख मतदारांच्या आमदाराच्या बाबतीत नाही.

चीड व्यक्त करायला 'नोटा' ('वरीलपैकी कुणीही नाही' हे बटण) दिला गेला, सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालाने. २०१९ मध्ये लातूर ग्रामीणमध्ये नोटा सत्तावीस हजारांवर मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आला, पलूस-कडेगावातही दुसरा आला. दोन्हीकडे निवडून आलेल्या उमेदवाराचं त्याने काही बिघडलं नाही, कारण लोकसभा-विधानसभेत नोटाला कायदेशीर वजन शून्य आहे; तो पहिला आला तरी आमदार दुसऱ्या क्रमांकाचा होतो. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांपुरता हा दोष काढला: नोटाला सर्वाधिक मतं पडली तर निवडणूक पुन्हा. चांगला नियम. पण तो चालतो लढत झाली तरच. १५ जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकांत साठाहून अधिक जागा बिनविरोध गेल्या. तिथे यंत्रच लागलं नाही, तर नोटाचं बटण दाबणार कुठे? गावपातळीवर बिनविरोधचं कौतुक करायची आपली जुनी खोड आहे. त्या कौतुकाच्या आड काय चालतं ते उमराणे आणि खोंडामळी या गावांनी दाखवलं: सरपंचपदासाठी उघड लिलाव. चित्रफिती बाहेर आल्या आणि जानेवारी २०२१ मध्ये आयोगाने दोन्ही ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या. मंदिरासाठी पैसा उभा करत होतो, हा बचाव.

बहिष्काराचीही तीच गत. मेळघाटातल्या काही गावांनी २०२४ च्या लोकसभेला पाणी, रस्ता आणि विजेसाठी मतदान केलं नाही. केंद्रावर शून्य मतं पडली तरी निकालाला ढिम्म फरक पडत नाही. बहिष्काराचा उपयोग होतो तो मतदानाच्या आदल्या आठवड्यात, अधिकारी धावत गावात येतात तेव्हा. त्या वेळी तोंडी आश्वासन घेतलं तर गेलं पाण्यात. कामाचं नाव, अंदाजपत्रकाचा क्रमांक आणि तारीख घालून लेखी घेतलं तर निदान पुढे माहिती मागायला दोरी राहते.

आणि मतदानच नसेल तर? छत्रपती संभाजीनगर, नवी मुंबई, वसई-विरार, कोल्हापूर, कल्याण-डोंबिवली इथल्या महापालिकांची मुदत २०२० मध्ये संपली. मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक, नागपूरची २०२२ च्या मार्चमध्ये. घटनेचं कलम २४३-यू सांगतं की महापालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण व्हायला हवी. प्रत्यक्षात कोविड, मग ओबीसी आरक्षणासाठी न्यायालयाने घातलेल्या तीन अटींची चाचणी, मग प्रभाग रचनेत फेरबदल (मुंबईच्या २२७ जागांच्या २३६ झाल्या आणि परत २२७), मग न्यायालयातल्या तारखा. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने कालमर्यादा घालून दिली तेव्हा कुठे चाक हललं. २९ महापालिकांना मत द्यायला मिळालं ते २०२६ च्या जानेवारीत.

मधल्या काळात काय झालं हे मुंबईच्या अर्थसंकल्पावरून कळतं. एरवी आयुक्त अर्थसंकल्प स्थायी समितीला सादर करतात, समिती तो कापते-वाढवते, मग सभागृह मंजूर करतं. प्रशासकाच्या राजवटीत आयुक्त म्हणून सादर करणारा आणि प्रशासक म्हणून मंजूर करणारा माणूस एकच. २०२५-२६ चा ७४ हजार ४२७ कोटींचा अर्थसंकल्प असाच झाला, कित्येक राज्यांच्या अर्थसंकल्पाएवढा. रस्ता खोदला तर जाब विचारायला नगरसेवक नाही आणि नगरसेवक नाही म्हणून बोंब मारायला निवडणूक नाही. नवल इतकंच की चार वर्षं यावर शहरांत म्हणावा तसा गहजब झाला नाही. अंबरनाथला डिसेंबर २०२५ मध्ये निवडून आलेले काँग्रेसचे १२ नगरसेवक निकालानंतर महिनाभराच्या आत भाजपमध्ये दाखल झाले, तेव्हा मात्र सगळ्यांना एकदम लोकशाही आठवली.

निवडणुकांच्या मधल्या काळात नागरिकाच्या हातात काय उरतं, हे बघायचं तर ग्रामसभेपासून सुरुवात करावी, कारण ती सगळ्यात जवळची आणि सगळ्यात जास्त फसवली जाणारी संस्था आहे. वर्षाला किमान चार सभा. गणपूर्ती: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी असेल ती संख्या. १२०० मतदारांच्या गावात १५ टक्के म्हणजे १८०, म्हणून १०० पुरतात. २६ जानेवारीला झेंडावंदनाला दोनशे माणसं असतात; ग्रामसभा पुकारली की चाळीस उरतात. ग्रामसेवक 'गणपूर्तीअभावी तहकूब' लिहितो. पुढची सभा लागते, आणि खरी मेख इथे आहे: तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. तिथे वीस माणसांत घरकुलाची यादी मंजूर होते, रस्त्याचं काम कुठल्या वाडीला ते ठरतं. गावाला वाटतं सभा झालीच नाही. सभा झालेली असते.

यावर उपाय गावांनीच शोधलेत. तहकूब सभेत विषयपत्रिकेबाहेरचा नवा विषय घेता येत नाही, हे माहीत असलेला एक माणूस हजर ठेवायचा. आपला विषय आधी लेखी देऊन पोच घ्यायची. ठरावावर सूचक आणि अनुमोदकाचं नाव सभेतच लिहून घ्यायचं. इतिवृत्ताच्या वहीत दोन ठरावांमध्ये चार-पाच ओळी कोऱ्या सोडलेल्या दिसल्या की समजायचं, नंतर काहीतरी घुसणार आहे. शेवटच्या ओळीखाली तिरकी रेघ मारून त्यावर सह्या घ्यायच्या. आठवड्याभरात ठरावाची प्रमाणित नक्कल मागायची. एवढं केलं की निम्मे गैरप्रकार आपोआप थांबतात.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने याच्या पुष्कळ पुढे जाऊन दाखवलं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. पाचेकशे वस्तीच्या या गोंड गावात ग्रामसभेचा निर्णय बहुमताने होत नाही. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीला जातो, दरम्यान अभ्यासगट त्यावर बसतो, कायदा वाचतो, हिशेब मांडतो. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी अनेक वर्षं हे चिकाटीने चालवलं. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. हक्काचा कागद मिळाला तरी बांबू विकायला वाहतूक परवाना लागतो आणि तो वनखातं सोडेना. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. कागद ते बांबूची मोळी एवढं अंतर कापायला गावाला आणखी दोन वर्षं लागली.

मेंढ्याचं गुणगान करताना एक गोष्ट विसरू नये. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचं जे वर्णन केलं, संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं आगर, ते त्यांनी उगाच केलं नव्हतं. ज्या गावात एकाच भावकीच्या हातात जमीन, सोसायटी आणि दूध डेअरी आहे तिथे 'सर्वसहमती' म्हणजे गप्प बसलेल्यांची सहमती. तिथे दलित वस्तीतल्या बाईला गुप्त मतदानाचा पडदा ग्रामसभेतल्या उघड हात वर करण्यापेक्षा जास्त स्वातंत्र्य देतो. राखीव जागेवर ती सरपंच झाली तर ती मताच्या आणि आरक्षणाच्या जोरावर, गावाच्या सद्भावनेवर नाही. म्हणून मत कुचकामी आहे असं म्हणणाऱ्यांशी माझं मुळीच जमत नाही. असं बोलणारा बहुधा असा असतो, ज्याचं काम मताशिवायही होत असतं.

शहरात ग्रामसभेसारखं काही नाही असं आपण समजतो. कागदावर आहे. २००९ मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्रसभांची तरतूद आली: प्रभागातल्या मतदारांची सभा, नगरसेवकाने बोलवायची. बहुतेक शहरांत ती एकदाही झालेली नाही. मागणी करणाराच नाही, तर नगरसेवक कशाला आपल्या पायावर धोंडा मारून घेईल! त्याऐवजी शहरी माणूस जे वापरतो आणि जे कधीकधी जबरदस्त चालतं ते म्हणजे हरकती. मुंबईचा विकास आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा लोकांनी आपापल्या गल्लीचे नकाशे काढून पाहिले. उभ्या इमारतींवरून रस्ते, वारसा वास्तू गायब, आरेच्या जंगलात बांधकाम. हजारो हरकती गेल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना आराखडा मागे घेऊन चार महिन्यांत दुरुस्त करायला सांगावं लागलं. चांगल्या हरकतीत भावनेला जागा कमी असते: नकाशाचा क्रमांक, जागेचा सीटीएस (नगर भूमापन) क्रमांक, आराखड्यात काय दाखवलं, जागेवर काय आहे, त्याचा फोटो, आणि काय बदल हवा ते एका ओळीत. छापील मजकुराची एकसारखी दहा हजार पत्रं एकच हरकत म्हणून निकाली निघू शकतात. दहा वेगळ्या, क्रमांक घातलेल्या हरकतींवर सुनावणीत दहादा बोलावं लागतं.

माहिती अधिकाराचंही तसंच. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांत असावा असा नियम आहे, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. पहिलं अपील ३० दिवसांत, दुसरं ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे, आणि तिथे लाखाच्या आसपास प्रकरणं तुंबलेली. म्हणून 'माहिती द्या' म्हणण्यापेक्षा 'फाइल दाखवा' म्हणणं शहाणपणाचं. पुण्यातून सुरू झालेली एक सोय २०१८ मध्ये राज्यभर लागू केली गेली: दर सोमवारी दुपारी ३ ते ५ स्थानिक संस्थांत अभिलेख पाहायला खुले. रस्त्याच्या कामाची फाइल मागायची तर त्यात पाच कागद शोधायचे: अंदाजपत्रक, निविदेची स्वीकृती, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि देयक. त्यातही मोजमाप पुस्तिका आधी. कनिष्ठ अभियंत्याने लांबी, रुंदी, जाडी मीटर-मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. टेप घेऊन रस्त्यावर जायचं आणि कडेला उखडलेल्या जागी जाडी मोजायची. पुस्तिकेत १५० मिलिमीटर आणि रस्त्यावर ९० असेल तर त्या ६० मिलिमीटरचं देयक कुणी मंजूर केलं, हे पुढच्या पानावर सहीसकट असतं.